पंचवीस तालुक्यांची एक यादी : ईमॅक्स लिस्पमध्ये याद्या जोडताना आत काय घडतं

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरला आज्ञा देण्याची भाषा म्हणजे लिस्प; तिच्यात याद्या जोडायला 'अपेंड' आहे आणि 'एनकॉन्क'ही आहे. दोन्हींचं उत्तर पडद्यावर अक्षरशः सारखं दिसतं. फरक कळतो तो दहा ओळी पुढे गेल्यावर. समजा, जिल्ह्याजिल्ह्याच्या तालुक्यांच्या याद्या जोडल्या. नंदुरबारच्या यादीला हात लावलेला नसतो, तरी तिच्यातलं एक नाव बदललेलं असतं. किंवा धुळ्याची चार तालुक्यांची यादी मोजावी, तर दहा भरतात. यादी आतून कशी बांधलेली असते हे एकदा डोळ्यांसमोर उभं राहिलं, की यातलं काहीच गूढ राहत नाही. म्हणून आधी बांधणी पाहू, आज्ञा नंतर.

टाइप करण्याबद्दल थोडं. इथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत, पण ईमॅक्समध्ये त्या रोमन अक्षरांतच टाइप करायच्या. जिथे उच्चारावरून स्पेलिंग कळणार नाही तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत. व्हेरिएबलची (म्हणजे ज्या नावात आपण यादी किंवा आकडा ठेवतो त्याची) नावं मात्र ईमॅक्स लिस्पमध्ये खरोखर देवनागरीत चालतात, तेव्हा 'धुळे', 'खानदेश' ही नावं जशीच्या तशी वापरा. कंट्रोल आणि बॅकस्लॅश दाबलं की लिपी बदलते; पहिल्यांदा पद्धत विचारली तर देवनागरी-इन्स्क्रिप्ट द्या. अंकांचं उलट आहे. कोडमध्ये देवनागरी २ लिहिला तर ईमॅक्स त्याला आकडा मानत नाही, '२' नावाचं व्हेरिएबल शोधतो आणि ते रिकामं आहे म्हणून चूक दाखवतो. आकडे इंग्रजीच टाका.

सगळे प्रयोग स्क्रॅच बफरमध्ये, म्हणजे ईमॅक्सच्या कच्च्या पानावर करा. ओळीच्या शेवटी कर्सर ठेवून कंट्रोल-जे दाबलं की उत्तर खाली उमटतं. लांब यादीचे पहिले १२ घटक दाखवून पुढे तीन टिंबं येतात. बाकीचे हरवलेले नसतात. छापण्याची मर्यादाच मुळात १२ ठेवलेली आहे. 'इव्हॅल-एक्स्प्रेशन-प्रिंट-लेंग्थ' हे व्हेरिएबल निल (एन-आय-एल, म्हणजे 'काही नाही' किंवा रिकामी यादी) केलं की पूर्ण यादी दिसते. हे आधीच करून ठेवा, कारण आपली यादी २५ घटकांची होणार आहे.

आता बांधणी. लिस्पमधली यादी मालगाडीसारखी असते. भुसावळच्या यार्डात रेक जोडताना ज्याने पाहिलं आहे, त्याला हे लगेच उमगेल. यादीतला प्रत्येक घटक म्हणजे एक डबा, ज्याला 'कॉन्स सेल' म्हणतात. डब्याला दोनच गोष्टी असतात: आतला माल आणि मागची कपलिंग. माल काढून दाखवणारं फंक्शन 'कार' आणि कपलिंगला पुढे काय अडकलं आहे ते दाखवणारं 'कुडर', स्पेलिंग सी-डी-आर. ही विचित्र नावं १९५० च्या दशकातल्या आयबीएम ७०४ या संगणकाच्या रचनेवरून आली आणि तशीच टिकली. प्रवासी गाडीच्या शेवटच्या डब्यावर मोठी फुली असते आणि 'एलव्ही'ची पाटी असते. ती दिसली की गाडी पूर्ण आली, मागे काही सुटलं नाही, हे स्टेशनावर कळतं. लिस्पमध्ये शेवटच्या डब्याच्या कपलिंगला 'निल' असतं; ती ही पाटी.

व्हेरिएबल म्हणजे गाडी नव्हे. 'धुळे' या व्हेरिएबलमध्ये फक्त पहिल्या डब्याचा पत्ता असतो. पुढचे डबे कपलिंग धरून चालत गेल्यावर सापडतात. आणि रुळांवर कधी घडत नाही अशी एक गोष्ट लिस्पमध्ये रोज घडते: दोन वेगवेगळ्या गाड्यांच्या कपलिंग एकाच डब्यात अडकलेल्या असू शकतात. तिथून पुढची शेपटी दोघींची सामाईक. याद्यांच्या बहुतेक घोळांचं मूळ या सामाईक शेपटीत आहे.

हे खऱ्या नावांवर पाहू. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. १९९८ साली धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. आज जळगावचे १५, धुळ्याचे ४ आणि नंदुरबारचे ६ तालुके आहेत. तीन याद्या अशा बनवा ('सेटक्यू' यादी त्या नावात ठेवतं, स्पेलिंग एस-ई-टी-क्यू):

(सेटक्यू जळगाव (लिस्ट "जळगाव" "जामनेर" "एरंडोल" "धरणगाव" "भुसावळ" "यावल" "रावेर" "एदलाबाद" "बोदवड" "पाचोरा" "भडगाव" "चाळीसगाव" "अमळनेर" "चोपडा" "पारोळा"))

(सेटक्यू धुळे (लिस्ट "धुळे" "साक्री" "शिरपूर" "शिंदखेडा"))

(सेटक्यू नंदुरबार (लिस्ट "नंदुरबार" "नवापूर" "शहादा" "तळोदा" "अक्कलकुवा" "अक्राणी"))

अवतरणचिन्हांतलं "धुळे" हा माल आहे, अवतरणाबाहेरचं धुळे हे व्हेरिएबल. एदलाबाद हे जुनं नाव मुद्दाम ठेवलं आहे, कारण ते बदलायचं आहे. आता जोडा:

(सेटक्यू खानदेश (अपेंड जळगाव धुळे नंदुरबार))

(लेंग्थ खानदेश) दिलं की २५ येतात. इथे नेमकं काय घडलं? अपेंडने जळगावच्या १५ डब्यांसारखे १५ नवे डबे बनवले, धुळ्याचे ४ नवे बनवले आणि या १९ डब्यांच्या शेवटच्या कपलिंगला नंदुरबारची मूळ गाडी जशीच्या तशी अडकवली. शेवटच्या यादीची नक्कल होत नाही. तपासायचं असेल तर हे चालवा ('एनटीएच-सीडीआर' एकसलग टाइप करायचं, ते तितके डबे सोडून पुढची गाडी देतं):

(इक्यू (एनटीएचसीडीआर १९ खानदेश) नंदुरबार)

उत्तर 'टी' येतं, म्हणजे हो. 'इक्यू' दिसायला सारखं आहे का हे विचारत नाही, तीच वस्तू आहे का हे विचारतं. खानदेशचा विसावा डबा आणि नंदुरबारचा पहिला डबा एकच आहे.

म्हणून बदलाचा परिणाम जागेप्रमाणे वेगळा होतो. 'मेंबर' हवं ते नाव ज्या डब्यात आहे तिथपासूनची गाडी देतं आणि 'सेटकार' त्या डब्यातला माल बदलतं:

(सेटकार (मेंबर "एदलाबाद" खानदेश) "मुक्ताईनगर")

(सेटकार (मेंबर "अक्राणी" खानदेश) "धडगाव")

आता तिन्ही मूळ याद्या पाहा. जळगावमध्ये अजून एदलाबादच आहे, कारण बदल नकलेत झाला. नंदुरबारमध्ये मात्र अक्राणी जाऊन धडगाव आलं, कारण तो डबा सामाईक होता. आज्ञा सारख्याच, आणि परिणाम उलट. (तालुक्याचं नाव अक्राणी आहे आणि मुख्यालय धडगावला आहे, तेव्हा खऱ्या नोंदीत असा बदल करण्याआधी काय लिहायचं ते ठरवून घ्या.) नाव सापडलं नाही तर मेंबर निल देतं आणि सेटकार 'राँग टाइप आर्ग्युमेंट: कॉन्सपी, निल' अशी चूक दाखवून थांबतं. ही चूक दिसली की बहुतेक वेळा नावातलं ऱ्हस्व-दीर्घ किंवा मागचा मोकळा स्पेस चुकलेला असतो.

पूर्ण स्वतंत्र यादी हवी असेल तर शेवटी एक निल वाढवा:

(सेटक्यू खानदेश (अपेंड जळगाव धुळे नंदुरबार निल))

आता शेवटची यादी निल आहे. त्यामुळे नंदुरबारचीही नक्कल होते आणि पंचवीसच्या पंचवीस डबे नवे येतात. जी यादी पुढे बदलायची आहे ती अशीच जोडलेली बरी. २५ डब्यांच्या नकलेला लागणारा वेळ मोजण्याइतकाही नसतो, आणि सामाईक शेपटीतली चूक शोधायला अख्खी दुपार जाते.

नकलेलाही मर्यादा आहे. नवा होतो तो डबा. आतला माल तोच राहतो. माल जर स्वतःच यादी असेल, म्हणजे प्रत्येक घटक ("रावेर" "केळी") असा जोडीचा असेल, तर बाहेरच्या गाडीची नक्कल करूनही आतल्या जोड्या सामाईकच राहतात. नकलेतल्या जोडीत केळीच्या जागी कापूस लिहिलं की मूळ यादीतही कापूस दिसेल. अशा वेळी अपेंड किंवा फक्त बाहेरच्या गाडीची नक्कल करणारं 'कॉपी-सिक्वेन्स' पुरत नाही, 'कॉपी-ट्री' लागतं. ते आतल्या याद्यांच्या डब्यांचीही नक्कल करतं.

अपेंडला शेवटी यादीऐवजी सुटं नाव दिलं, (अपेंड धुळे "दोंडाईचा") असं, तरी चूक दाखवली जात नाही. चार डब्यांच्या शेवटी निलची पाटी असते तिथे थेट "दोंडाईचा" अडकतं आणि उत्तरात त्याच्या आधी एक टिंब दिसतं. ही शेपूट बिघडलेली यादी आहे. पुढे कुठेतरी लेंग्थ तिच्यावर अडखळतं आणि चूक भलत्याच ओळीवर दिसते. एक घटक जोडायचा असला तरी तो (लिस्ट "दोंडाईचा") असा डब्यात घालूनच द्या. उलट पहिल्या जागी नुसतं नाव दिलं तर त्याची अक्षरं सुटी होतात: (अपेंड "जळगाव" निल) याचं उत्तर (२३३२ २३५५ २३२७ २३६६ २३५७) असं येतं, म्हणजे प्रत्येक अक्षराचा सांकेतिक आकडा. डोळ्यांना चार अक्षरं दिसतात, पण 'गा'चा काना वेगळा मोजला जातो, म्हणून आकडे पाच.

आता एनकॉन्क, स्पेलिंग एन-सी-ओ-एन-सी. तिन्ही याद्या वरच्या ओळींनी पुन्हा नव्या बनवून घ्या आणि हे चालवा:

(सेटक्यू खानदेश (एनकॉन्क जळगाव धुळे नंदुरबार))

यात एकही नवा डबा बनत नाही. पारोळ्याच्या डब्याची निलची पाटी काढून तिथे धुळ्याची गाडी अडकवली जाते, शिंदखेड्याच्या डब्याला नंदुरबारची. यार्डातलं हे खरं शंटिंग. आता 'जळगाव' मोजा: २५. 'धुळे' मोजा: १०. 'नंदुरबार' ६ च राहतो, कारण त्याच्या मागे काही जोडलं नाही. धुळे हे व्हेरिएबल अजून धुळ्याच्याच पहिल्या डब्याकडे बोट दाखवतं, पण तिथून चालत गेलं की थेट अक्राणीपर्यंत पोचतो.

ही ओळ चुकून दुसऱ्यांदा चालवली तर काय होतं ते समजून घ्या, कारण याद्या नव्या न बनवता सेटिंगची फाइल पुन्हा लोड केली की नेमकं हेच घडतं. जळगावचा शेवटचा डबा आता अक्राणीचा आहे. एनकॉन्क त्याच्या कपलिंगला धुळे अडकवतं. म्हणजे धुळ्याहून निघालेली गाडी अक्राणीला पोचते आणि तिथून परत धुळ्याला येते: चक्र. पुढे एनकॉन्क धुळ्याचा शेवट शोधायला निघतं आणि शेवट कुठेच नसतो. हल्लीच्या आवृत्त्या 'सर्क्युलर लिस्ट' अशी चूक दाखवून थांबतात, पण याद्या बिघडायच्या त्या बिघडलेल्या असतात. तुमचं स्वतःचं 'व्हाइल' लूप (तीच आज्ञा पुन्हा पुन्हा चालवणारं) अशा यादीवर फिरत राहिलं तर कंट्रोल-जी दाबून सोडवा आणि तिन्ही याद्या नव्याने बनवा. दुरुस्तीचा तोच सरळ मार्ग आहे.

दुसरा सापळा रिकाम्या यादीचा. 'केळी' हे व्हेरिएबल निल असताना (एनकॉन्क केळी (लिस्ट "सावदा")) चालवलं, तर उत्तर ("सावदा") येतं, पण केळी निलच राहतं. अडकवायला डबाच नव्हता, तर कपलिंग कुठून बदलणार? यादीत आधीपासून काही असेल तर हीच ओळ बरोबर चालते, म्हणून चाचणीत चूक सापडत नाही आणि नव्या यंत्रावर पहिल्याच दिवशी सापडते. उपाय एकच: एनकॉन्कचं उत्तर सेटक्यूने पुन्हा त्याच नावात ठेवायचं, दर वेळी.

तिसरा सापळा फार फसवा आहे. याद्या बनवताना वर 'लिस्ट' वापरलं, एका अवतरणाची '("रावेर" "सावदा") अशी छोटी रीत टाळली. अवतरणाने लिहिलेली यादी कोडचाच भाग असते. ती एकदाच बनते आणि फंक्शन दर वेळी तीच वापरतं. हे पाहा ('डीफन' नवं फंक्शन बनवतं):

(डीफन केळी-पट्टा (जास्तीचे) (एनकॉन्क '("रावेर" "सावदा") जास्तीचे))

पहिल्यांदा (केळी-पट्टा (लिस्ट "यावल")) दिलं की ("रावेर" "सावदा" "यावल") येतं, ठीक. दुसऱ्यांदा (केळी-पट्टा (लिस्ट "चोपडा")) दिलं की ("रावेर" "सावदा" "यावल" "चोपडा") येतं. पहिल्या वेळचं यावल फंक्शनच्या पोटात राहून गेलं. अवतरणातली यादी फक्त वाचायची. बदलायची असेल तर लिस्टने ताजी बनवायची किंवा एनकॉन्कच्या जागी अपेंड वापरायचं.

काढून टाकण्यातही हाच हिशेब. याद्या पुन्हा नव्या करून (डिलीट "बोदवड" जळगाव) चालवा: जळगाव १४ चं होतं. आता (डिलीट "जळगाव" जळगाव) चालवा: उत्तरात १३ नावं येतात, पण व्हेरिएबल मोजलं तर १४ च. डिलीट मधला डबा काढतं ते त्याच्या आधीच्या डब्याची कपलिंग बदलून. पहिल्या डब्याच्या आधी डबाच नाही, म्हणून ते फक्त दुसऱ्या डब्यापासूनची गाडी परत देतं आणि व्हेरिएबल जुन्याच डब्याकडे पाहत राहतं. इथेही उत्तर सेटक्यूने पकडायचं. मूळ यादी शाबूत ठेवून काढायचं असेल तर 'रिमूव्ह' आहे. 'डेल्क्यू' (डी-ई-एल-क्यू) नावांसाठी वापरू नका. ते इक्यूने तुलना करतं, आणि वेगवेगळ्या ठिकाणी टाइप केलेले दोन "बोदवड" त्याच्या लेखी दोन वेगळ्या वस्तू आहेत. चूक दाखवणार नाही, काढणारही नाही.

एकेक घटक वाढवत लांब यादी बनवायची असेल, समजा फाइलमधल्या १,००० ओळी, तर दर ओळीला अपेंडने शेवटी जोडत बसू नका. प्रत्येक वेळी आधीच्या सगळ्या डब्यांची नक्कल होते: शून्य, एक, दोन करत ९९९ पर्यंत, एकूण ४,९९,५०० डबे फुकट. त्याऐवजी 'पुश'ने पुढच्या बाजूला लावत जा. पुश फक्त एक नवा डबा बनवून जुनी गाडी त्याच्या मागे अडकवतं. सगळं झालं की यादी उलटी असते, ती 'एनरिव्हर्स'ने एकदाच सुलटी करा. एनरिव्हर्स त्याच डब्यांच्या कपलिंग फिरवतं, त्यामुळे तुमचं व्हेरिएबल आता शेवटच्या डब्यावर उभं असतं. उत्तर पकडलं नाही तर १,००० ओळींची यादी एका ओळीची दिसेल.

सेटिंगच्या फाइलमध्ये बहुतेकांना लागतं ते 'अ‍ॅड-टू-लिस्ट'. ते घटक आधीच असेल तर काहीच करत नाही, म्हणून फाइल कितीदाही लोड केली तरी यादी फुगत नाही. व्हेरिएबलच्या नावाआधी अवतरण द्यावं लागतं. घटक पुढे लागतो. शेवटी हवा असेल तर तिसऱ्या जागी टी द्या. लेक्सिकल बाइंडिंग (व्हेरिएबलचं नाव ते बनवलेल्या तुकड्यापुरतंच ओळखण्याची रीत) चालू असलेल्या फाइलमध्ये 'लेट'ने बनवलेल्या आतल्या व्हेरिएबलवर मात्र ते चालत नाही. जोडलेल्या यादीतली दुहेरी नावं 'डिलीट-डप्स' काढतं. तेही मूळ गाडीच बदलतं.

विम हा दुसरा एडिटर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात. तिथे अधिक चिन्हाने दोन याद्या जोडल्या की नवी यादी मिळते आणि 'एक्स्टेंड' पहिली यादी जागेवरच लांबवतं. रिकाम्या यादीवरही एक्स्टेंड नीट चालतं, कारण विममध्ये यादी ही स्वतः एक वस्तू आहे आणि व्हेरिएबल पहिल्या डब्याकडे नव्हे, त्या वस्तूकडे बोट दाखवतं. 'अ‍ॅड' एकच घटक जोडतं. त्याला यादी दिली तर ती यादीच एक घटक म्हणून आत बसते आणि यादीत यादी होते. साध्या बरोबरच्या चिन्हाने दुसऱ्या नावात ठेवलेली यादी नक्कल नसते, त्यासाठी 'कॉपी' किंवा 'डीपकॉपी' लागतं.

जोडलेली यादी वर्णानुक्रमे लावायची तर (सॉर्ट खानदेश 'स्ट्रिंग-लेसपी) पुरेसं वाटतं. पण या रीतीने दिलेलं सॉर्टही मूळ यादीच हलवतं, म्हणून आधी कॉपी-सिक्वेन्स. आणि मराठीसाठी आणखी एक अडचण आहे. स्ट्रिंग-लेसपी अक्षरांचे सांकेतिक आकडे पाहतं, आणि तिथे ळ २३५५ वर, व २३५७ वर, ह २३६१ वर आहे. आपल्या वर्णमालेत ळ हा ह च्या नंतर येतो. या २५ नावांत त्याने क्रम बिघडत नाही, पण पिकांची नावं मिसळली की बिघडतो: "जळगाव" हे "जवस"च्या आधी येतं, आणि मराठी कोशात जवस आधी हवं. 'स्ट्रिंग-कोलेट-लेसपी' भाषेप्रमाणे तुलना करतं, पण यंत्रावर मराठी लोकॅल (भाषेच्या नियमांची सेटिंग) बसवलेलं असेल तरच. त्यावर अवलंबून राहायचं नसेल, तर फक्त तुलनेपुरता ळ च्या जागी ह आणि त्यामागे २४३१ या आकड्याचं ॿ हे अक्षर ठेवा. मराठीत ते येत नाही आणि ह नंतर येणाऱ्या प्रत्येक स्वरचिन्हापेक्षा त्याचा आकडा मोठा आहे, त्यामुळे ळ ची नावं ह च्या सगळ्या नावांमागे जाऊन बसतात ('लॅम्डा' म्हणजे बिननावाचं फंक्शन):

(सॉर्ट (कॉपी-सिक्वेन्स खानदेश) (लॅम्डा (अ आ) (स्ट्रिंग-लेसपी (स्ट्रिंग-रिप्लेस "ळ" "हॿ" अ) (स्ट्रिंग-रिप्लेस "ळ" "हॿ" आ))))

'स्ट्रिंग-रिप्लेस' ईमॅक्स २८ पासून आहे आणि ते मूळ नावात बदल करत नाही, त्यामुळे यादीतल्या नावांना धक्का लागत नाही. यादीत "जवस" आणि "जहाज" टाकून पाहा: जवस, जहाज, जळगाव, जामनेर असा क्रम आला पाहिजे.